गिळलेला ‘ह’

मी एक लाकडी पेटी. लंडनच्या एका अनाथाश्रमातल्या स्कॉटिश सुताराने मला ठोकून उभं केलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाला निघालेली पोरं रांगेत उभी होती. “नाव सांग,” तो म्हणाला. “क्लिफ ऑलिस,” माझा सात वर्षांचा मालक म्हणाला. सुताराने तेच झाकणावर रंगवलं. पुढचे सगळे कागद माझ्यावरूनच उतरवले गेले.

पोराला सांगितलं होतं, तुझी आई वारली. बोटीवर सहा आठवडे तो माझ्यावरच बसून होता.

मग ऑस्ट्रेलियात पर्थकडचं एक शेत, ढोरमेहनत, मार. त्याविषयी तो बोलत नाही, म्हणून मीही बोलणार नाही. नोलीनशी लग्न झालं आणि दिवस पालटले. बाई मोठी हसरी, पण माझ्यात तिने कोंबड्यांचा दाणा भरला. राग आला. पण त्या दाण्यापायी उंदीर तरी भेटायला यायचे.

पन्नाशी जवळ आली तसा क्लिफला एकच ध्यास लागला : या जगात आपलं कुणी आहे का? लंडनहून उत्तर यायचं, ऑलिस नावाच्या अशा मुलाच्या जन्माची नोंद नाही.

“मग मी काय आभाळातून पडलो?” तो म्हणायचा.

शेवटी अशा परदेशी धाडलेल्या मुलांची माणसं शोधून देणाऱ्या मिसेस टिबेट चहाला आल्या. मूळच्या पूर्व लंडनच्या. त्यांनी चष्मा पुसून माझं झाकण वाचलं.

“क्लिफ, लहानपणी डोक्यावर काय घालायचास?”

“ॲट.”

“आणि राहायचास कुठे?”

“ॲकनीला.”

हसता हसता त्यांना ठसका लागला. “अरे बाबा, आमच्याकडे ‘ह’ गिळूनच बोलतात! हॅटची ‘ॲट’, हॅकनीचं ‘ॲकनी’! तू ऑलिस नाहीस, हॉलिस आहेस.”

तीन आठवड्यांनी फोन वाजला. आई जिवंत होती. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती आणि मलाही सगळं कळत होतं.

“चांगल्या घरी दत्तक गेला, असं आश्रमवाले म्हणाले मला. म्हटलं, पोर सुखात आहे, आपण कशाला मध्ये कडमडायचं? चहा घेतलास का?”

“नाही, आई.” क्लिफचे डोळे घळाघळा वाहत होते.

“मग ये की. आधण ठेवते.”

नोलीनने मला घासूनपुसून उन्हात ठेवलं. नवी बॅग घे म्हणाली, तर क्लिफ म्हणाला, “हिच्यासकट आलो, हिच्यासकटच जाणार.” आता त्याचे कपडे पोटात घेऊन मी विमानतळावर उभी आहे. आनंद माझ्यात मावत नाही. हमालदादा, माझी डावी कडी ढिली झाली आहे, जरा जपून उचला. आम्हाला आईकडे जायचंय.