मिरच्यांशेजारी वाळत घातलेला हेडसेट

मित्रांनो, डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट आहे मी, आणि आता फार थकलो आहे. माझा पट्टा सैल पडला आहे, कडेचा स्पंज कितीदा बदलून झाला आहे आणि वायर जिथे जिथे दुमडली तिथे तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. नेरूळजवळच्या शिरवणे गावात, हिरामणशेठच्या घराखालच्या गाळ्यात मी एका खुंटीला टांगलेला असतो. खुंटीवर असणाऱ्याला बोलायला वेळच वेळ. ऐकता ऐकता कंटाळा आला तर खुशाल उठून जा. मला त्याची सवय आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे दिवे, हातमोजे घातलेली माणसं, आणि नंतर खोक्यातला लांबलचक अंधार. खोकं उघडलं ते वाशीच्या एका मॉलमध्ये. तिथे माझं भारी कौतुक झालं हो! लोक रांग लावून उभे राहायचे. मी डोळ्यांवर चढलो की माणूस बसल्या जागी डोंगराच्या कड्यावर उभा राही, विमान उडवी, राक्षसाशी तलवारीने लढे. पहिले काही महिने मीही फुशारलो होतो.

पण कौतुकाला घामाचा वास असतो, हे मला लवकरच कळलं. कोणाचं तेल, कोणाची पावडर, कोणाचं काजळ, सगळं माझ्याच स्पंजात मुरायचं. एक गडी आला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. कोणी घाबरून मला ओरबाडून काढी, कोणाला गरगरलं की खापर माझ्यावर फुटे. पुसायला एकच कळकट फडकं होतं. पुढे लोकांची नवलाई ओसरली, ते दुकान बंद पडलं, आणि मी माझ्या संगणकासकट विकला गेलो. घेणारा होता तेजस, हिरामणशेठचा मुलगा.

हिरामणशेठ मूळचे इथलेच, आगरी. गावाची शेतं शहरात गेली, तसे त्यांनी टेम्पो घेतले आणि तळोज्याच्या कारखान्यांचा माल वाहायला सुरुवात केली. तेजसचं मन मात्र टेम्पोत रमेना. त्याने घराखालच्या गाळ्यात खेळांचं दुकान थाटलं. समोरासमोरच्या भिंतींवर माझ्या दोन छोट्या डब्या ठोकल्या, कारण खेळणारा कुठे उभा आहे हे मला त्या डब्यांवरूनच कळतं. माझ्याबरोबर त्याने आणखी एक हेडसेट आणला, तो कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या डब्यावर, चालणारा. नवा कोरा, पांढराशुभ्र. मी त्याला धाकटा म्हणतो.

आता तुम्ही विचाराल, दोघांत चांगला कोण? गाळ्यात येणारी पोरं दिवसभर हेच तर बोलायची. खरं सांगू? चित्र धाकट्याचं देखणं. रात्रीचा खेळ असेल तर त्याचा काळोख खराखुरा काळा, माझा राखाडी. त्याला एक बारीक वायर पुरते, बटण दाबलं की तो तयार. माझा संगणक मात्र गिऱ्हाईक दारात उभं असताना नेमका अपडेट मागतो. धाकटा वजनाला हलका, अंगाला घामही कमी धरतो. माझ्या बाजूने बोलणारं एखादंच पोर असायचं. ते म्हणायचं की संगणकावर खेळ भरपूर मिळतात, शिवाय खेळाच्या आत हात घालून तो आपल्याला हवा तसा बदलता येतो. कन्सोलवर कंपनी देईल तेच मुकाट खेळायचं. खरं होतं त्याचं, पण असलं ऐकून घ्यायला वेळ कोणाला? रांग धाकट्यापुढे लागायची. मी खुंटीवरून बघत बसायचो. वाईट वाटायचं? वाटायचं की! पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटायचं. थकलेल्याला सुट्टी कोण देतो?

अशात एक दिवस हिरामणशेठच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय हळूहळू सुधारत होता, पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा. व्यायाम शिकवायला एक ताई येत. हात उचला म्हणत, शेठ तोंड फिरवून बसत. ज्या माणसाने भरलेल्या टेम्पोला दोर आवळले, त्याला चेंडू दाबायला सांगितला की त्याच्या जिवावर येई. त्यांची बायको विमलबाई रोज गोडीने सांगून दमल्या, मग रागाने सांगून दमल्या. शेठ हलले नाहीत.

आणि त्याच वर्षी उन्नतीचं लग्न ठरलं. उन्नती त्यांची धाकटी लेक, बापाची लाडकी. सासर खांदेश्वरचं, तारीख उन्हाळ्यातली. आगऱ्यांकडे लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खं गाव लोटतं, धवलारीण धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणते, बँजो वाजतो. हिरामणशेठच्या घराण्यात नवरीला पहिली हळद बापाने लावायची, आणि तीही उजव्या हाताने. लोक म्हणाले, काकाला बसवा. उन्नती म्हणाली, बाबांनी डाव्या हाताने लावली तरी मला चालेल. तेव्हा शेठ सगळ्यांसमोर बोलले.

"डाव्या हातान हलद लावाची त बापान मांडवात बसाचा कशाला? नाय उठला हात, त मी घरातच बसन."

उन्नती आत जाऊन रडली.

तेजसच्या डोक्यात तेव्हा आलं की बाबांना व्यायाम नको, खेळ द्यावा. पहिला मान अर्थातच धाकट्याला मिळाला. पण त्याचं हातात धरायचं यंत्र मुठीत आवळून धरावं लागतं, आणि शेठची बोटं मिटेनात. यंत्र दोनदा फरशीवर पडलं. कापडी पट्टीने बांधून पाहिलं, तर त्यावरचे दिवे झाकले गेले आणि धाकट्याला हातच दिसेना. शेठ म्हणाले, राहू दे. ते उठून निघाले होते, एवढ्यात तेजसची नजर खुंटीवर गेली.

माझी गोष्ट वेगळी आहे. माझं यंत्र तळहाताला पट्ट्याने बांधतात. ते धरावं लागत नाही, बोटं उघडी राहिली तरी चालतं. तेजसने संगणकावर फुगे फोडायचा एक साधा खेळ घेतला आणि त्याच्या आत हात घातला. फुगे हळू केले, खाली आणले, मांडीच्या थोडे वर. हात नुसता सरकला तरी फुगा फुटावा, असं केलं. शेठने मला डोळ्यांवर घेतलं. बराच वेळ काही झालं नाही. मग मांडीवरचा हात एक वीतभर हलला आणि पहिला फुगा फुटला. शेठ उठले नाहीत, पुढच्या फुग्याकडे वळले.

तेव्हापासून रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, आम्ही दोघं बसायचो. विमलबाई त्यांच्या हाताला पट्टा बांधायच्या. फार घट्ट नाही, फार सैल नाही, हे गणित त्यांनाच जमायचं. तेजसने बांधला की एक तर रुतायचा नाहीतर निसटायचा. जसजसा हात उचलू लागला तसतसा तेजस फुगे वर चढवू लागला. पोट, मग छाती. थकलेला माणूस आणि थकलेलं यंत्र, आमचं जमलं. सांगायला लाज कसली, मॉलमध्ये हजारो लोकांनी मला वापरलं, पण माझी गरज असलेला हा पहिलाच.

फक्त घाम फार यायचा त्यांना. माझा स्पंज ओला चिंब व्हायचा आणि त्याला आंबूस वास यायचा. विमलबाईंना ते बघवेना. नवऱ्याच्या तोंडाला रोज असली घाण लागते म्हणून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. लग्नाचा मसाला करायचा म्हणून गच्चीवर त्यांनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. या घरात ओलं झालेलं सगळं गच्चीवर जातं. सुकट जाते, बोंबील जातात, गाद्या जातात. उन्हाने कीड मरते, वास मरतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. एके दिवशी तेजस बाहेर गेलेला. विमलबाईंनी मला स्वच्छ पुसलं, वर नेलं आणि मिरच्यांच्या शेजारी चटईवर ठेवलं. आतला स्पंज नीट वाळावा म्हणून माझ्या काचा वर करून ठेवल्या.

मित्रांनो, माझ्या काचा जाड भिंगांच्या आहेत. तुम्ही भिंगाखाली कागद जाळून पाहिला असेल, तसंच झालं. विमलबाई जिना उतरायच्या आत आतला पडदा जळला. एका डोळ्यात मधोमध डाग पडला, दुसऱ्या डोळ्यात नाकाच्या बाजूने पिवळा पट्टा उठला. मला ओरडता येत नाही. संध्याकाळी त्यांनी मला खाली आणलं, हुंगून पाहिलं आणि समाधानाने खुंटीला टांगलं.

दुसऱ्या दिवशी शेठने मला डोळ्यांवर घेतलं आणि ते थबकले. खेळ नेहमीसारखा सुरू झाला होता, पण समोरच्या फुग्यांच्या जागी काळं भोक होतं. विमलबाईंनी पट्टा बांधता बांधता हौसेने सांगितलं की काल गच्चीवर चांगला वाळवून आणला, आता वास येणार नाही. मग त्यांनीच विचारलं, दिसतं ना बराबर?

"दिसतं," शेठ म्हणाले. "पयल्यापेक्षा बरं दिसतं."

तेजसला मात्र पहिल्याच गिऱ्हाइकाने डागाचं सांगितलं. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं, काय झालं ते त्याला कळलं, आणि तो तरातरा जिना चढून आईकडे निघाला. शेठने त्याला जिन्यातच अडवलं. आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये, असं बजावलं. तेजस म्हणाला, दुसरा आणतो. पण तसली बांधायची यंत्रं जोडीला असलेला हेडसेट बाजारात शोधेपर्यंत हळद येऊन ठेपली असती. मग तेजसने गिऱ्हाइकांना मी नादुरुस्त आहे असं सांगितलं, आणि आईला सांगितलं की हा आता फक्त बाबांसाठी.

त्यानंतरचे दिवस फार जड गेले. संगणकाच्या पडद्यावर चित्र अगदी स्वच्छ दिसायचं, कारण जळलो होतो मी, संगणक नव्हे. विमलबाई ते चित्र बघायच्या. कडेचे फुगे शेठ फोडायचे आणि नाकासमोरचा हटकून चुकायचा. त्या वैतागायच्या. ध्यान कुठे आहे म्हणायच्या, एवढा समोर आहे तो दिसत नाही का म्हणायच्या. शेठ ऐकून घ्यायचे. मान इकडेतिकडे वळवून डाग बाजूला सारायचे, अंदाजाने हात मारायचे. मान दुखायची, डोळ्यांतून पाणी यायचं. भर घालायला माझ्या स्पंजाला मिरचीची तिखट धूळ चिकटली होती! एवढं सगळं होऊन हात हनुवटीपर्यंत आला आणि तिथे अडला. मला वाटलं, संपलं. मी जळका, ते दमलेले, आता कुठून वर जाणार?

हळदीच्या दिवशी मांडव गाळ्यासमोरच होता. शटर उघडं होतं, म्हणून मला दिसलं. उन्नती पाटावर बसली होती. शेठ नवं धोतर नेसून काठीच्या आधाराने आले आणि समोर बसले. विमलबाईंनी त्यांची बोटं हळदीच्या वाटीत बुडवली. बँजोवाले थांबले. हात उठला, छातीशी आला, हनुवटीशी आला आणि तिथेच अडला. उन्नती पुढे वाकायला लागली. शेठने मान हलवून तिला नको म्हटलं. अख्खं गाव बघत होतं. मग तो हात, कोपरापासून कापत, आणखी वर गेला आणि लेकीच्या गालाला लागला. गालावर जरा जास्तच वेळ राहिला. धवलारीण गायला लागली आणि मग काय विचारता!

विमलबाई डोळे पुसत गाळ्यात आल्या. त्यांच्या बोटाला हळद होती. घरच्या हत्याराला लावावी तशी त्यांनी ती माझ्या कपाळाला लावली. पाहुण्यांची मुलं खेळत होती म्हणून संगणक चालूच होता. नवऱ्याने इतके दिवस काय पाहिलं ते एकदा बघावं, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी मला कधीच डोळ्यांवर घेतलं नव्हतं. तेव्हा घेतलं.

त्यांना वाटलं काचेला हळद लागली. पदराने पुसलं, पुन्हा घेतलं. डाग तिथेच. त्यांनी संगणकाकडे पाहिलं, तिथे चित्र लख्ख. तेजस मागेच उभा होता. आईने विचारलं आणि त्याला खोटं बोलता आलं नाही. खाली बघत त्याने गच्चीवरच्या उन्हाचं सगळं सांगितलं. मला छातीशी धरून विमलबाई स्टुलावर बसून राहिल्या. बाहेर नाच चालला होता. त्या दिसेनात म्हणून शेठ काठी टेकत आत आले.

"मीच जालला ना ह्याला? आनि वर तुमालाच बोलत रायले," विमलबाई म्हणाल्या. "तुमी बोललाव का नाय?"

शेठ त्यांच्याशेजारी टेकले. "बोललो असतो, त तू परत हात लावला असतास का गो याला? मंग माज्या हाताला पट्टा कोनी बांधला असता?"

विमलबाई रडल्या, आणि शेठने त्यांना रडू दिलं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना ऊन दाखवू नका. कोरड्या फडक्याने पुसा, काचा खाली करून सावलीत ठेवा, एवढं आमच्यासाठी पुष्कळ झालं. आणि घरातल्या कोणी मायेने चूक केलीच, तर ओरडण्याआधी त्या माणसाकडे एकदा नीट बघा. यंत्र दुसरं मिळतं.

उन्नती सासरी गेली. शेठचा हात गालापर्यंत पोचला असला तरी भाताचा घास अजून तोंडात जात नाही, वाटेत सांडतो. म्हणून आम्ही दोघं अजून रोज बसतो. तेजस नवा हेडसेट आणतो म्हणाला होता, शेठने नको सांगितलं. विमलबाई पट्टा बांधतात आणि आता संगणकाच्या पडद्यापुढे स्टूल ओढून बसतात. "नाकासमोर हाय, जरा वर, अजून थोडा," असं सांगत राहतात. शेठ हात उचलतात, आणि मला दाखवता येत नाही तो फुगा फुटतो.