दोन्ही बाजूंची रजा

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचा हिशेब चुकला, असं हेडक्लार्क सगळ्यांना सांगत सुटले होते. मला त्याचा संताप येतो. हिशेब मुळीच चुकला नव्हता, नियम आडवा आला.

सहामाहीनंतरच्या दहा दिवसांच्या सुट्टीत बाई वडिलांना भेटायला गेल्या. वडील आजारी, एकटे, आणि गाव इतकं लांब की जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. चार दिवस प्रवासातच जाणार, म्हणून त्यांनी सुट्टी लागण्याआधीचा एक दिवस आणि शाळा उघडल्यावरचा एक दिवस रजा टाकली. चौदा रजांतल्या दोन गेल्या, बारा उरल्या, अशा समजुतीत त्या परत आल्या.

हेडक्लार्कांनी बारा कापल्या होत्या. सुट्टीच्या दोन्ही बाजूंना रजा घेतली की मधली सुट्टीही रजेतच धरतात म्हणे.

"एकाच बाजूला घेतली असती तर सुट्टी वाचली असती," ते म्हणाले. "गणित शिकवता ना तुम्ही?"

माझं टाळकंच सरकलं. पण मी पडले चित्रकलेची, माझ्या बोलण्याला तिथे कोणी भीक घालत नाही.

पंधरवडाही झाला नाही तोच तिकडच्या डॉक्टरांचा फोन आला. फार तर तीन आठवडे, म्हणाले. पुढची सुट्टी सात आठवड्यांवर. दोन रजांना शनिवार-रविवार जोडले तरी चारच दिवस, म्हणजे वडिलांच्या दाराला हात लावून परत फिरायचं. बिनपगारी जावं तर बाई अजून कायम झालेल्या नाहीत. खंड पडला की नोकरी गेली, आणि दोन लेकरांचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर.

मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममधूनच वडिलांना फोन लावायच्या. म्हातारबाबांचा आवाज असा खणखणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू यायचा.

"बाबा, पुढच्या सुट्टीपर्यंत थांबा हं."

"अगं, मी काय चाचणी परीक्षा आहे का, पुढे ढकलायला?"

बाई हसायच्या. फोन ठेवला की डबा न उघडता तशाच बसून राहायच्या.

शेवटी मीच त्यांना हाताला धरून हेडक्लार्कांकडे नेलं. सुट्टीच्या दहा नाही तर निदान सहा तरी परत द्या म्हटलं. ते उठून मुख्याध्यापकांना विचारूनही आले. नाही. मग बाईंचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, एक सांगू का? वडील गेल्यावर दहा दिवस वेगळे मिळतात. ते कशातच धरत नाहीत. अर्जसुद्धा नंतर दिला तरी चालतो. तुम्ही नुसता फोन करा आणि निघा."

माणूस मनापासून धीर देत होता, त्यामुळे मला भांडताही येईना.

आम्ही जिन्यापर्यंत आलो आणि बाईंचा फोन वाजला. बाबाच होते.

"काय गं, जमलं का रजेचं?"

बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "जमलं, बाबा. दहा दिवस देतायत."

"दहा! अरे वा! कधीपासून?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सांग ना गं, कधीपासून? तोवर कसाही तग धरतो मी."