आणखी एक नवी आवृत्ती

बोटीच्या कप्तानावरच्या पाच चित्रपटांच्या मालिकेतल्या नुसत्या पहिल्या चित्रपटाच्या बाइंडरकडे पाच प्रती होत्या. एक व्हिडिओ कॅसेट, दोन डीव्हीडी, दोन ब्लू-रे. दर वेळी खोक्यावर नवं काहीतरी लिहिलेलं असायचं: विशेष आवृत्ती, सुधारित आवृत्ती, अंतिम आवृत्ती. त्यामुळे पाचही चित्रपटांचा आणखी एक संच येतोय अशी बातमी आली, तेव्हा त्याचं टाळकंच सरकलं.

दिवसभर तो जुनी पुस्तकं उसवायचा, शिवायचा आणि नव्या पुठ्ठ्यात बांधायचा. त्या दिवशी हाताची खळ धुऊन त्याने चाहत्यांच्या ग्रुपवर भलीमोठी पोस्ट लिहिली. "जुन्या मजकुराला नवा पुठ्ठा घालणं हा माझा धंदाच आहे. पण मी त्याला नवं पुस्तक म्हणत नाही." मग त्याने कंपनीच्या यादीतल्या एकेका गोष्टीचा समाचार घेतला. चित्र तेच, मुलाखती जुन्याच. यादीत सगळ्यात शेवटी दृश्यांचं वर्णन करणारा एक आवाज दिलेला होता. पडद्यावर दिसतंय तेच बोलून दाखवणार, म्हणजे आम्हाला डोळेच नाहीत असं यांनी धरलंय, असं त्याने लिहिलं. त्या वाक्याला धडाधड हसरे चेहरे मिळाले.

चार दिवसांनी भाचीचा फोन आला. तिने आईसाठी तोच संच आणला होता आणि रविवारी दुपारी मामाने यायलाच हवं होतं. मामाने नाक मुरडलं, पण तो गेला.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. पहिला चित्रपट तिनेच त्याला हाताला धरून थिएटरात नेऊन दाखवला होता. उभा जन्म तिने कोट शिवले. सहा वर्षांपूर्वी सुईत दोरा ओवता येईना, मग घड्याळ दिसेना, मग माणसांचे चेहरेही गेले. बाइंडरने दोनदा शेजारी बसून तिला चित्रपट सांगून पाहिला होता. पण मारामारी सुरू झाली की तो स्वतःच बघण्यात गुंग व्हायचा आणि ताई विचारत राहायची, अरे, झालं काय? शेवटी, तू निवांत बघ, मी आत पडते, असं म्हणून ती उठून गेली होती. त्यानंतर तिच्या घरात चित्रपट लागला नव्हता.

भाचीने रिमोटवर दोन-तीन बटणं दाबली. सुरुवातीला नुसताच समुद्राचा आवाज होता. मग एका बाईचा शांत आवाज आला. कप्तान कठड्याशी उभा आहे, हातात न उघडलेलं पत्र आहे, ते तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो.

बाइंडर चमकला. कप्तानाने ते पत्र वाचलंय, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता. त्याने चित्र थांबवून नीट पाहिलं. पाकीट खरंच बंद होतं.

"डावा खिसा," ताई म्हणाली. "त्या कोटाला आतून उजवीकडे खिसाच नव्हता. हे तिने सांगायला हवं होतं." तिचा चेहरा उजळला होता. ती पुढे सरकून बसली आणि तास-दीड तास उठली नाही. मारामारी आली तेव्हा कोण पडलं, कोण उठलं, सगळं तिला त्याच क्षणी कळत होतं.

चित्रपट संपला तसा बाइंडर म्हणाला, "ताई, मी या आवाजाची टिंगल केली होती. सगळ्यांसमोर."

"मग सगळ्यांसमोरच सांग आता," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

त्याने सांगितलं. काय लिहिलं होतं आणि काय पाहिलं, काही न लपवता. ग्रुपवर कुणी त्याला टोमणा मारला नाही. एकाने तर विचारलं, की तो आवाज कसा लावायचा, त्याच्या वडिलांना हवा होता. मग भावंडांनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं. वर्णन करणाऱ्या बाईंचं नाव चित्रपटाच्या शेवटच्या नामावलीत भराभर सरकत गेलं होतं, ते त्याने दोनदा मागे नेऊन टिपून घेतलं. आभार सगळे त्या बाईंच्याच नावे मानले. खिशाची तक्रारही ताईने घालायला लावली.

पुढचे तीन रविवार तीन चित्रपट झाले. पाचवा थिएटरात लागला तेव्हा ताईची नजर जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून तो तिने कधी पाहिलाच नव्हता. चौथ्या रविवारी भाचीने तो घरी लावला. बाइंडरला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता. ऐन वादळात, बोट कलंडत असताना, ताईने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"वाचतो ना रे हा?"

"सांगणार नाही," तो म्हणाला.

ताईने त्याच्या हातावर चापट मारली आणि पुन्हा ऐकू लागली. कितीतरी वर्षांनी ताई पुन्हा त्याच्या शेजारी बसून चित्रपट बघू लागली होती. त्याने मनातल्या मनात त्या अनोळखी बाईंचे पुन्हा एकदा आभार मानले.