पाव इंचाची खोट

मी दोन फुटी घडीची पट्टी. माझं लाकूड पिवळसर आणि गुळगुळीत आहे, सांध्यांना पितळी बिजागऱ्या आहेत. चार घड्या मिटल्या की मी माणसाच्या तळहातात मावते. विलायतेत जन्मले आणि मुंबईच्या एका फर्निचरच्या कारखान्यात आले. तिथून १९२६ साली आत्माराम मेस्त्रींच्या कोटाच्या खिशात बसून बोटीनं रत्नागिरीला उतरले. मी जे सांगणार आहे त्यात माझा स्वतःचाही दोष आहे. म्हणूनच ते मीच सांगितलेलं बरं.

आत्माराम मेस्त्री मुंबईत अकरा वर्षं राहिले होते. त्या कारखान्यात साहेबांच्या बंगल्यांची आणि पेढ्यांची आतली सजावट व्हायची. कपाटं कुठं, बाकं कुठं, उजेड कुठून, चालायची वाट किती रुंद, हे सारं आधी कागदावर उतरायचं आणि मगच लाकडाला करवत लागायची. मेस्त्री ती विद्या शिकून गावी आले. रत्नागिरीत तेव्हा हे कुणालाच नवलाचं वाटलं नाही. सगळ्यांना ते वेड वाटलं.

"कपाट करायला कागद कशाला लागतो?" हे त्यांना पहिल्यांदा विचारलं ते रावजीनं.

रावजी म्हणजे मेस्त्रींनी रत्नागिरीत काढलेल्या कारखान्यातला सगळ्यात चांगला सुतार. वय चाळिशीचं, गाव आत डोंगरापलीकडं. सुतळीला गाठी मारून माप घ्यायचा आणि त्याचा सांधा असा बसायचा की नख शिरू नये. पण अक्षरओळख नव्हती, आकडेही येत नव्हते.

मेस्त्री म्हणाले, "रावजी, तू एकटा करतोस तेव्हा तुझ्या डोक्यात असतं ते पुरतं. पण गवंडी, रंगारी, लोहार आणि आपण चौघे सुतार एका कामावर असलो, तर कुणाच्या डोक्यातलं खरं धरायचं?"

रावजीनं जरा विचार केला. "मग मना शिकवा," तो म्हणाला.

दुपारची भाकरी झाली की दोघं शिकायला बसायचे. मेस्त्री मला उलगडून रावजीच्या पुढ्यात ठेवायचे. एवढा मोठा माणूस, हाताला घट्टे पडलेले, पण माझ्या रेघांवरून बोट फिरवताना जपून श्वास घ्यायचा. इंच, अर्धा, पाव, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग नकाशा वाचणं. कागदावरचा एक इंच म्हणजे खरे दोन फूट, हे त्याला कळलं त्या दिवशी तो एवढा हसला की बाकीचे सुतार रंधा थांबवून बघायला लागले.

नुसतं मापच नव्हे, मेस्त्री त्याला काम चालवायलाही शिकवत. गवंड्याचा गिलावा वाळल्याशिवाय कपाट भिंतीला लावायचं नाही, नाहीतर फळी फुगते. वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय उंची ठरवायची नाही. मालकानं मधेच काही बदलायला सांगितलं तर मान डोलवून मोकळं व्हायचं नाही. नकाशावर तो बदल दाखवून सही घ्यायची. रावजी हे सगळं ऐकायचा आणि घरी जाऊन बायकोला, सोनूबाईला, सांगायचा. ती म्हणायची, "तुमी सुतार हाव की वकील?"

१९३१ च्या सुरुवातीला मोठं काम आलं. गावातल्या बायकांसाठी एक वाचनालय निघणार होतं. जागा गंगाराम शेटनी दिली होती, आणि सगळी धडपड होती शाळेतल्या बकुळाबाईंची. जांभ्या चिऱ्याची नवी इमारत उभी झाली होती. आतलं सगळं मेस्त्रींनी करायचं होतं.

मेस्त्रींनी बकुळाबाईंना आणि आणखी दोघीतिघींना त्या रिकाम्या दालनात बोलावलं, भिंतीशी उभं केलं आणि हात वर करायला सांगितलं. जिथवर हात सहज पोचला तिथं खडूची रेघ मारली. बकुळाबाई म्हणाल्या, "आजवर आमच्या हाताची उंची कुणी विचारली नव्हती हो." नकाशा झाला. दोन दोन खिडक्यांच्या मधे एक, अशी बर्मी सागाची चार कपाटं, खिडक्यांखाली बाकं. कपाटांच्या दारांवर मधोमध आंब्याच्या पानांची कोरीव पट्टी, ती रावजीच्या हातची. उद्घाटन अक्षय्य तृतीयेला ठरलं, कारण पुढं पाऊस लागला की बोटी बंद आणि मुंबईचे पाहुणे यायचे नाहीत.

त्याच आठवड्यात मेस्त्रींच्या हातून मी पडले.

दालनाच्या चिऱ्याच्या पायरीवर माझं टोक आपटलं, पितळी टोपी उडाली आणि खालचं लाकूड फुटलं. मेस्त्री हळहळले. कारखान्यात येऊन त्यांनी कानशीनं माझं टोक घासून सरळ केलं. दिसायला मी ठीक झाले, पण पाव इंचानं आखूड झाले. मेस्त्रींना ते ठाऊक होतं. तेव्हापासून ते टोकापासून माप घेतच नसत. एकच्या रेघेपासून घेत आणि मनात एक इंच वजा करत. मुंबईहून नवी पट्टी मागवायची होती. ती राहून गेली, आणि रावजीला सांगायचंही राहून गेलं.

चार दिवसांनी सागाचं लाकूड घेऊन गलबत मांडवीला लागलं. मेस्त्रींना बंदरावर जाणं भाग होतं. निघताना त्यांनी मला रावजीच्या हातात दिलं.

"आज खिडक्यांमधल्या भिंतींचं माप तू घे. एकट्यानं. कागदावर तूच लिही."

रावजीनं मला दोन्ही हातांनी घेतलं.

त्या दिवसाची आठवण आली की मला अजून कसंतरी होतं. त्यानं मला भिंतीला लावलं, टोकाशी पेन्सिलीची खूण केली, पुन्हा लावलं. पाच वेळा. प्रत्येक भिंत तीनदा मोजली. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, तेव्हा त्याचा चेहरा फुलला. दहा फूट दीड इंच. त्यानं ते कागदावर मोठ्या वळणदार आकड्यांत लिहिलं. भिंत खरी दहा फुटांचीच होती. वरचा दीड इंच माझा होता, माझ्या खोटेपणाचा. त्याचा हात कुठंच चुकला नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पट्टीला कुठं तोंड असतं?

कपाटं कारखान्यात झाली. तिथं लोखंडी मापपट्टी होती, ती खरी होती. मेस्त्रींच्या सांगण्यावरून अर्धा इंच मोकळा सोडला होता. अक्षय्य तृतीयेला सहा दिवस उरले असताना आठ माणसांनी पहिलं कपाट उचलून भिंतीशी आणलं, आणि ते खिडक्यांच्या दोन चौकटींच्या मधे शिरेना. एक इंच जास्त होतं. दुसरंही तसंच. चारही तशीच.

गंगाराम शेट तिथंच होते. बकुळाबाई होत्या, रंगारी होते, गवंडी होते.

"मेस्त्री, एवढे नकाशे, एवढ्या सह्या," शेट म्हणाले, "आणि हे काय? माप घेतलं कुणी?"

मी मेस्त्रींच्या कोटाच्या खिशात होते. त्यांचा हात खिशात आला, अंगठा माझ्या घासलेल्या टोकावर टेकला आणि तिथंच थांबला. त्यांना कळलं होतं. त्या एका क्षणात त्यांना सगळं कळलं होतं.

"रावजीनं घेतलं," मेस्त्री म्हणाले.

रावजी पुढं आला. "व्हय, मीच घेतलाव. तीनदा घेतलाव." मग मान खाली घालून म्हणाला, "माजंच चुकला आसंल. आकडे नवे हायत मना."

"अडाण्याच्या हाती पट्टी दिली की असंच व्हायचं," शेट म्हणाले.

बकुळाबाई मधे पडल्या, "असं बोलू नका, त्यांच्या हातचं कोरीव काम बघा तरी." पण मेस्त्री गप्पच राहिले.

कपाटांचे सांधे सोडवून ती एका बाजूनं कापावी लागली. कोरीव पट्टी मधोमध राहिली नाही, सरकली. कापायचं काम रावजीनंच केलं, कुणाला हात लावू दिला नाही. उद्घाटनाला तो आला नाही, आणि त्यानंतर कारखान्यातही आला नाही.

आठ दिवसांनी सोनूबाई त्याची हत्यारं न्यायला आली.

"वहिनी, रावजी कुठंय?" मेस्त्रींनी विचारलं.

"नाटे गावाला गेलेत, माज्या भावाकडं. होड्यांच्या कामाला." तिनं रंधा, पटाशी, करवत फडक्यात बांधली. "म्हनतात, आकडं शिकाया गेलो नि हातात होतं ता पण घालवलं. जेवत नायत धड."

मेस्त्री दोनदा बोलायला गेले. शेवटी म्हणाले, "त्याला म्हणावं, परत ये."

"कशाला येतील?" सोनूबाई म्हणाली, आणि गाठोडं उचलून गेली.

मेस्त्रींनी मला खणात टाकलं. फेकून दिलं नाही, हे मात्र खरं. कधीतरी खण उघडायचे, माझ्याकडं बघायचे आणि पुन्हा लावायचे.

त्यांचा धंदा वाढला. दवाखाने, पेढ्या, एका वकिलाची कचेरी. पुढं गावात सुतारकामाचा एक वर्ग निघाला, तिथं काम चालवण्याची रीत शिकवायला मेस्त्रींना बोलावणं आलं. शिकायला आलेले बहुतेक मोठे, लग्न झालेले पुरुष. १९३७ सालातली गोष्ट. विलायती पट्टी कशी असते ते दाखवायला मेस्त्री मला वर्गात नेत, पण माप कधी घेऊ देत नसत.

एकदा शिकवता शिकवता ते म्हणाले, "माप घेणारा माणूस पारखून घ्यावा. माझ्याकडं एक सुतार होता. हात सोन्याचा, पण आकड्यात कच्चा. चार कपाटं वाया घालवलीन."

वर्ग हसला. मी टेबलावर पडले होते. माणूस एक गोष्ट सहा वर्षं लपवतो आणि सातव्या वर्षी ती त्याला खरीच वाटायला लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

मागून बाबू नावाचा एकजण उठला. नाटे गावचा, होड्यांची दुरुस्ती करणारा.

"मास्तर, त्या सुताराचं नाव रावजी काय?"

मेस्त्री थबकले. "तुला कसं माहीत?"

"आमच्याकडंच हायत ते. पण मास्तर, रावजीकाकांचं माप सूतभर चुकत नाय. आमचा सगळा किनारा त्यांच्याकडनं फळ्या कापून घेतो. फकस्त पट्टीला हात लावत नायत. सुतळीनंच घेतात." मग तो साधेपणानं म्हणाला, "तुमची पट्टी बरोबर व्हती ना?"

मेस्त्रींनी वर्ग तिथंच सोडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीनं मुसाकाजीला उतरलो आणि तिथून चालत नाट्याला गेलो. रावजी वाळूत एका होडीच्या सांगाड्याशी वाकला होता. केस पांढरे झाले होते. मेस्त्रींना बघून तो उठला, हात झटकले.

"मेस्त्री? हितं कुठं?"

मेस्त्रींनी मला खिशातून काढून त्याच्यापुढं धरलं. "रावजी, ही पाव इंचानं आखूड होती. तुझ्या हातात दिली तेव्हाच. मला ठाऊक होतं. सांगायचं राहिलं. आणि सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा... तेव्हा नुसतं राहून गेलं नाही. तेव्हा मी सांगितलं नाही."

रावजीनं मला घेतलं. माझ्या टोकावरून अंगठा फिरवला. मग वाळूत बसला आणि बोटं मोजायला लागला.

"पाच येळा ठेवली. पाच पाव, म्हंजे सव्वा. उरलेलं घेताना आनकी एक पाव." त्यानं वर बघितलं. "दीड इंच. बरोबर दीड इंच, मेस्त्री."

"हो."

"म्हंजे मना येत व्हतं."

मेस्त्री रडत होते. रावजी मात्र रडला नाही. तो वाळूतून उठला.

"सोनू गेली दोन वर्सांमागं," तो म्हणाला. "तिला सांगितला असता."

मेस्त्री म्हणाले, "परत चल. माझ्याबरोबर शिकव. वर्गात सांगतो सगळ्यांना."

"वर्गात सांगा. ता सांगाच. बकुळाबायनाही सांगा." त्यानं मला मेस्त्रींच्या हातात परत दिलं. "पन मी नाय येनार. हात आता ह्या कामाला बसला." मग तो पुन्हा होडीकडं वळला. मेस्त्रींना त्यानं चहा पाजला, बोटीपर्यंत पोचवायलाही आला. माफ केलं असं काही बोलला नाही, आणि मेस्त्रींनी ते विचारलंही नाही.

मेस्त्रींनी वर्गात सगळं सांगितलं, उभं राहून, नाव घेऊन. बकुळाबाईंकडंही गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही गप्प का, असं माझ्या मनात आलं होतं. मीही विचारलं नाही." गंगाराम शेट तोवर वारले होते. त्यांच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "कोण रावजी?"

आता मी वर्गाच्या भिंतीवर एका खिळ्याला टांगलेली आहे. नवीन माणूस आला की मेस्त्री मला काढून त्याच्या हातात देतात आणि माझी खोट त्याच्याकडूनच शोधून घेतात. बोटं माझ्या टोकावर थांबतात तेव्हा मला लाज वाटते, आणि बरंही वाटतं.

तुम्ही कुणाच्या हातात पहिल्यांदा हत्यार द्याल, तेव्हा त्यातलं उणं असेल ते त्याला आधी सांगा. त्या दिवशी मला बोलता आलं असतं, तर मी रावजीला पहिल्याच भिंतीशी थांबवलं असतं.