मुखवटेवालीचा तिसरा वार

मित्रांनो, मी एक जुनं पिवळं बटण आहे. माझ्या डोक्यावरचा रंग मधोमध झिजून पांढुरका झालाय, कारण बारा वर्षं एकच बोट तिथे टेकत होतं. त्याच बोटाचा मी घात केला. आपली कहाणी सांगताना जन्म आधी आणि चुका शेवटी सांगायचा रिवाज आहे, पण मला तेवढा धीर नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखी हजारो होती. पोटात एक स्प्रिंग, तळाशी पितळेच्या दोन पातळ पट्ट्या. वरून दाबलं की पट्ट्या टेकतात आणि तारेतून निरोप जातो. मला जपानमधल्या समुद्राकाठच्या एका गावात, बस डेपोसमोरच्या हिसाए-सान (सान म्हणजे तिकडचं आदराचं 'जी') या बाईंच्या गेम सेंटरमध्ये, तलवारबाजीच्या यंत्रावर बसवलं. लाल आणि निळं बटण वार करायचं. माझ्याकडे बचाव होता.

बचाव म्हणजे भित्र्याचं काम, असं नवख्यांना वाटतं. मला दाबून धरलं की पडद्यावरचा योद्धा तलवार आडवी धरतो. वार अडतो, पण फुकट नाही. दर वाराला त्याचा दम कमी होतो, आणि दम संपला की हात उघडे पडतात. नवखे मला धरून बसतात आणि मार खातात. जाणकार टिचकी मारतात. वार अंगाला भिडायच्या नेमक्या क्षणी टिचकी बसली, तर तो उलटा परततो, समोरचा झोकांडी खातो आणि तेवढ्यात आपण आपलं काम करून घ्यायचं. टिचकी लवकर पडली तर नुसता बचाव होतो, उशिरा पडली तर काहीच होत नाही. डोळ्याचं पातं लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

या खेळात सगळ्यात शेवटी मुखवटेवाली येते. तिचे पहिले दोन वार झटपट असतात. तिसऱ्याला ती खांदा उचलते आणि थांबते. त्या थांबण्याने भल्याभल्यांना रडवलंय, कारण घाबरलेलं बोट थांबत नाही.

कुरामोची-सान यांचं बोट थांबायचं. ते डोंगरावरच्या गावांची बस चालवत. सकाळची पाळी संपली की दुपारी तीनला टोपी काढून माझ्यासमोर बसत. "पात्याकडे बघू नका, तिच्या पायाकडे बघा," असं ते शेजारच्यांना सांगत. पुढचा पाय टेकला की टिचकी. दहापैकी नऊदा, कधी दहादा ते तिसरा वार परतवत. लोक मागे उभे राहून बघत आणि मी आतल्या आत फुलून जाई.

एकदा डोंगरातल्या वळणावर बसपुढे हरीण आलं. गाडीत शाळेची मुलं होती. कुरामोची-साननी वेळेवर ब्रेक मारला. त्या दुपारी त्यांनी हिसाए-सानना सांगितलं, की ज्या दिवशी दहापैकी सात वार परतवता येणार नाहीत, त्या दिवसापासून मी चाकाला हात लावणार नाही.

"कंपनीचा डॉक्टर तपासतो की तुम्हाला," हिसाए-सान हसल्या. "या खोक्याला कुठली पदवी आहे?"

"डॉक्टर वर्षातून एकदा बघतो. मुखवटेवाली रोज बघते."

पुढे एका वर्षी हिसाए-साननी सगळी बटणं बदलायला काढली. लाल गेलं, निळं गेलं. माझी पाळी आली तेव्हा कुरामोची-सान जागेवरून उठले. "हे राहू द्या. माझ्या बोटाला हेच ठाऊक आहे." हिसाए-साननी नको नको म्हणत अखेर ऐकलं. मला इतका गर्व झाला म्हणून सांगू! शेजारी दोन कोरी बटणं, आणि मी मात्र मानाचा म्हातारा. माझी स्प्रिंग तेव्हाच सैल होत आली होती. ते फक्त मलाच माहीत होतं.

दोन वर्षांनी पट्ट्या काळ्या पडल्या. रोज सकाळी मला फडक्याने पुसत, मी वरून चकचकीत दिसे. आत मात्र निरोप कधी लगेच जाई, कधी अडखळून जाई. नेहमीच उशीर झाला असता तर कुरामोची-साननी तेवढं आधी दाबायची सवय लावून घेतली असती. पण मी एकदा वेळेवर, एकदा उशिरा. असल्या बेभरवशाच्या सोबत्याला कोण सांभाळून घेणार?

दहापैकी आठ झाले. मग सात. कुरामोची-सान खेळ संपल्यावर मूठ उघडायचे, मिटायचे, बोटांकडे बघत राहायचे. माझ्याकडे त्यांनी एकदाही संशयाने पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं. शेवटच्या दिवशी ते नवख्यांसारखे मला धरून बसले, दम संपला, आणि मुखवटेवालीने तिसऱ्या वारात त्यांना लोळवलं. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली.

"आज सकाळीच राजीनाम्याची चिठ्ठी देऊन आलो, हिसाए-सान. चाव्याही परत केल्या."

"अहो, खेळ तो. खेळावरून कुणी नोकरी सोडतं का?"

"काल पाच झाले, आज तीन. हरीण काही आधी कळवून येत नाही."

डेपोत दुसरा चालक मिळेना. वरच्या गावांची सकाळची बस बंद झाली, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. वरची म्हातारी माणसं आता दवाखान्याला शेजाऱ्यांच्या गाड्या मागतात, मुलं पहाटे उठून पायी खाली येतात, असं कुणी बोललं की मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

पुढच्या वसंतात यंत्र दुरुस्त करायला दोई नावाचा कारागीर आला. त्याने मला चार-पाचदा दाबलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे बटण झोपेत निरोप देतंय. वर्ष तरी झालं असेल." हिसाए-सान होत्या तिथेच स्टुलावर बसल्या. मग त्यांनी कुरामोची-सानना फोन केला.

ते आले. माझ्या जागी कोरं बटण होतं. त्यांनी मुखवटेवालीचे दहा वार घेतले आणि दहाही परतवले. मागे बघायला कुणी नव्हतं. हिसाए-सान माफी मागायला कमरेत वाकल्या.

"चूक माझी. तेव्हाच बदलायला हवं होतं."

"बदलू नका म्हणालो तो मी."

डेपोत ते जाऊन आले, पण त्यांचं वय आता नियमात बसत नव्हतं, आणि ती फेरी तर कागदावरूनही गेली होती. मला वाटलं, आता हे मला समुद्रात भिरकावतील. त्यांनी मला रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

हल्ली ते रोज सकाळी शाळेपुढच्या रस्त्यावर पिवळा झेंडा घेऊन उभे राहतात आणि डोंगरावरून चालत आलेल्या मुलांना पलीकडे नेतात. गाडी नेमकी कधी थांबेल हे त्यांना चाकांवरून कळतं. झेंडा कधी उशिरा उठत नाही. दुसरा हात खिशात असतो, आणि वाट बघताना तेच बोट मला दाबत राहतं.

मित्रांनो, आपलं कुणी चुकायला लागलं, तर त्याच्या हाताला बोल लावण्याआधी त्या हाताखालचं सामान एकदा उघडून बघा. वरून पुसू नका, उघडा. आणि माझ्यासारखं कुणी गर्वाने गप्प बसलं असेल, तर त्याला मायेपोटी ठेवून घेऊ नका.

मी अजून दर टिचकीला वेळेवर टेकायचा प्रयत्न करतो. काल सकाळी दहापैकी नऊदा जमलं. त्यांना ते कळलं नाही, कारण मला आता तार नाही.