लालसिंगचा हात

"मॅडम, दगडाची जवळची कड नका धरू. पलीकडची धरा अन् आपल्याकडं ओढा. विंचू असला त तिकडून पळते," लालसिंग बसल्या बसल्याच म्हणाला.

उठायचं म्हटलं की त्याचे गुडघे आधी विचार करत. एप्रिल संपत आलेला, तांड्यामागची उघडी टेकडी, आणि शोधाचा शेवटचा दिवस. शोध कशाचा, तर बोटभर लांबीच्या डोंगरी सापसुरळीचा. गावात तिला सापाची मावशी म्हणतात आणि दिसली की चपलेने ठेचतात. बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. वणीच्या अर्पिता मॅडमना ती इथे राहते याचा पुरावा हवा होता, नाहीतर टेकडी खाणीला जाणार होती.

वीस उन्हाळे लालसिंग अशा अभ्यासकांसाठी दगड उचलत आला होता. घाबरली की सापसुरळी शेपटी सोडून पळते. लालसिंग तिला उलट्या ओंजळीने अलगद झाकायचा. आपल्या हातून एकही शेपटी तुटली नाही, हे तो तांड्यात ऐटीत सांगायचा आणि त्याची बायको मानीबाई दर वेळी जांभई द्यायची.

चारच्या सुमारास एका चपट्या दगडाखाली ती दिसली. लालसिंगने ओंजळ टाकली. हात जरासा उशिरा पोचला.

बोटांत शेपटी तेवढी वळवळत राहिली.

"मिळाली! काका, मिळाली!" मॅडमनी कुपी पुढे केली. "शेपटीवरून जात तपासता येते. टेकडी वाचली समजा!"

"तुटली नं पण."

"अजी काका, पुन्हा येते नं तिले."

"येते. पण सारी चरबी त्यातच राह्यते तिची. मिरग अजून दीड महिना दूर हाय. कशावर दिवस काढन थे?"

मॅडमनी शेपटी कुपीत घेतली आणि झाकण लावलं. टेकडी वाचली याचं लालसिंगलाही बरं वाटलं होतं. तरी त्याला रडू येत होतं, साठीच्या माणसाला, एवढ्याशा शेपटीपायी.

"पुढच्या उन्हाळ्यात मोजणी करू. तुमीच पाहिजे, काका."

"उज्ज्वलाले न्या. माह्या सुनेचा हात हलका हाय. मी आता थकलो."

मॅडम कुपी घेऊन उतारावरून जवळजवळ पळतच गेल्या. लालसिंगने दगड होता तसा त्याच्या खळगीत बसवला. कडेची फट मातीने बुजवू लागला, मग थांबला. तिला परत आत शिरता यावं म्हणून तेवढी फट त्याने उघडी ठेवली. बाटलीतलं उरलेलं पाणी दगडाशेजारी ओतलं आणि त्याच हाताने गुडघा धरून तो उठला.