वाटणीला आलेला डावा स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्पीकर आहे. माझ्या पाठीवर 'डावा' असे लिहिले आहे, तेव्हा कुठेतरी उजवाही असणार हे तुम्ही ओळखलेच असेल. तो माझा जुळा भाऊ. सुताराने आम्हां दोघांना एकाच फळीतून कापले. कारखान्यातल्या बाईंनी आमचे आवाज पारखले आणि "अगदी सारखे!" म्हणत आम्हांला एकाच खोक्यात घातले.

आम्हांला निवडले बाबांनी. ते दोन मुलांचे बाबा, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणतो. दुकानदार आमच्याबरोबर एक दांडगा अँप्लिफायर त्यांच्या गळ्यात मारू पाहत होता. बाबांनी घरून कॅसेट आणली होती. ती एकेका अँप्लिफायरवर लावून ते डोळे मिटून ऐकत बसले. दांडग्यापुढे मी नुसता थरथरलो. शेवटी कोपऱ्यातल्या एका साध्यासुध्या अँप्लिफायरशी आमचे सूत जुळले आणि माझा गळा मोकळा झाला.

"हाच द्या," बाबा म्हणाले. "खोली एवढीशी, आवाज डोंगराएवढा घेऊन करू काय?"

घरी त्यांनी सुतळीने मापून आपल्या खुर्चीपासून आम्हां दोघांना सारख्याच अंतरावर बसवले. "अहो, स्पीकर मांडताय की घर बांधताय?" आई हसली. पण गाणे लागले आणि ती थबकली. गाणारा आमच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा आहे, असे वाटत होते. मित्रांनो, हीच आमची करामत! पण दोघे सारखे असलो तरच ती साधते.

बाबाही छान गात. एकदा आईच्या आग्रहाखातर त्यांनी आपले गाणे कॅसेटवर भरले. त्यात मध्येच आईचे हसू आले आहे, ते त्यांनी मुद्दाम ठेवले.

पुढे बाबा गेले आणि मुलांची घरे वेगळी झाली. दोघे भाऊ सरळ मनाचे. बाबांची आठवण दोघांकडे हवी, म्हणून अँप्लिफायर आणि मी थोरल्याकडे, तर कॅसेट प्लेअर आणि उजवा धाकट्याकडे! जे कमी पडेल ते ज्याने त्याने नवीन आणायचे ठरले. आई माझ्याबरोबर आली. तिला मात्र कुणी विचारले नाही.

थोरल्याने नवा कॅसेट प्लेअर आणला आणि माझ्या जोडीला माझ्या दुप्पट उंचीचा, काळाकुळकुळीत स्पीकर. त्याने तोंड उघडले की माझे कुणाला ऐकूच जात नसे. आईने बाबांची कॅसेट लावली, तर बाबांचा आवाज त्या ढेरपोट्याच्या पोटात शिरून घुमू लागला.

"हे तुझे बाबा नाहीत रे," आई म्हणाली आणि तिने कॅसेट कपाटात ठेवून दिली. पुन्हा लावली नाही. माझ्या डोक्यावर फुलदाणी आली. मला फार वाईट वाटले.

हे सारे थोरल्या सूनबाईंच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी धाकट्या जावेला फोन लावला.

"तुमच्याकडचा कसा वाजतो गं?"

"विचारू नका ताई! ह्यांनी शेजारी मुठीएवढा प्लास्टिकचा आणून ठेवलाय. उजवा एकटाच बोंबलतो."

"मग रविवारी घेऊन ये त्याला. बघू तरी."

रविवारी उजवा आला. ढेरपोट्याला बाजूला सारले, फुलदाणी उतरली. दोघे भाऊ गुडघ्यांवर बसून सुतळीने अंतर मोजू लागले. आई स्वयंपाकघरातून काही बाहेर येईना. सूनबाईंनी कॅसेट लावली.

आणि बाबा आमच्या बरोब्बर मधोमध गाऊ लागले. आई हात पुसत धावतच आली. रिकाम्या भिंतीकडे पाहून म्हणाली, "आले गं!" तेवढ्यात कॅसेटमधली आई हसली, आणि दारातली आईसुद्धा. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग भावांची जुंपली, पण घेण्यावरून नव्हे, देण्यावरून.

"दादा, उजवा इथेच राहू दे."

"छे, डावा तूच ने!"

"गप्प बसा दोघं," आई म्हणाली. "मी कधी इथे राहीन, कधी तिथे. ही जोडी माझ्याबरोबर येईल. नेताना एकेक उचला, म्हणजे वाटणी सारखी!"

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आमच्या डोक्यावर फुलदाण्या ठेवू नका, आणि जोडी तेवढी मोडू नका. बाकी आमचे काही मागणे नाही. या क्षणी आम्ही धाकट्याच्या घराचा जिना चढतो आहोत. मी थोरल्याच्या कडेवर, उजवा धाकट्याच्या. दोघेही धापा टाकत आहेत आणि एकमेकांना हसत आहेत. मागून आई येते आहे, तिच्या हातात सुतळी आहे.